पहिला नंबर कोणाचा? वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमांचा वाद



व्यासपीठावर माणूस एकच दिसतोय, पण आज बोलणार आहोत ते 'आम्ही'. कारण पुढे जे मांडायचं आहे ते सात जणांनी मिळून, बरीच वर्षं भांडून काढलेलं आहे. आमचा ऐकणाऱ्यांचा एक गट आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, शाळेत शिकवणाऱ्या एक ताई आहेत, एकमेकांशी कधीच न पटणारे दोन सख्खे भाऊ आहेत, आणि आणखी तिघं. दर डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचं आणि वर्षातले सर्वोत्तम अल्बम ठरवायचे, हा रिवाज. प्रत्येकाने दहा अल्बमांची यादी आणायची. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असं करत दहाव्याला एक. बेरीज करायची, निकाल लावायचा आणि मग जेवायचं. प्रत्यक्षात जेवण गार होतं आणि निकाल कोणालाच मान्य नसतो. (हशा)

आता हे खूळ काही आम्ही शोधून काढलेलं नाही. न्यूयॉर्कमधल्या 'द व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाने १९७१ साली समीक्षकांचा असा एक कौल घेतला. त्याचं नाव 'पॅझ अँड जॉप'. 'जॅझ अँड पॉप' नावाचं एक मासिक होतं, त्याची अक्षरं गमतीने उलटीपालटी करून ठेवलेलं नाव. त्यामागचा माणूस म्हणजे रॉबर्ट ख्रिस्टगाऊ. हे गृहस्थ अल्बमांना शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारख्या श्रेणी देत असत. ए अधिक, बी उणे वगैरे. मध्ये दोन वर्षं खंड पडला, १९७४ पासून हा कौल दरवर्षी होऊ लागला आणि पुढे त्यात शेकडो समीक्षक मतं देऊ लागले.

पण क्रमवारीचं वेड आपल्याकडे त्याच्याही आधीचं आहे. १९५२च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. त्याला एक मराठी कारणही आहे. त्या वेळचे नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. त्यांना आकाशवाणीवर सिनेसंगीताचं प्रस्थ नको होतं. शास्त्रीय संगीतासाठी या माणसाने पुष्कळ केलं, पण सिनेसंगीताचे श्रोते उठून सिलोनला गेले! अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे, टेप कोलंबोला जायची आणि तिथून आवाज पुन्हा आपल्या घरात यायचा. वर्षाअखेरीला वार्षिक क्रमवारी. कोणतं गाणं कोणत्या 'पायदान'वर, यावर घराघरांत पैजा लागत. क्रम ठरायचा तो रेकॉर्डविक्रेत्यांकडची विक्री आणि श्रोता संघांची मतं, यांवरून. म्हणजे गीतमाला सांगत होती की लोकांना काय आवडलं. 'सर्वांत चांगलं काय' हा प्रश्न वेगळा, आणि तो प्रश्न गीतमालेनं आपल्या अंगावर घेतला नव्हता. अल्बमांची यादी करणारे मात्र तो अंगावर घेतात. तिथूनच भांडण सुरू होतं.

या भांडणाचं एक उदाहरण आमच्याच घरातलं देतो.

एका वर्षी आम्ही ठरवलं की चालू वर्ष बाजूला ठेवू या आणि १९७१ची यादी करू या. का? तर त्या वर्षाने उच्छादच मांडला होता. मार्व्हिन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', जोनी मिचेलचा 'ब्लू', कॅरोल किंगचा 'टॅपेस्ट्री', लेड झेपेलिनचा चौथा, रोलिंग स्टोन्सचा 'स्टिकी फिंगर्स', 'द हू'चा 'हूज नेक्स्ट', डेव्हिड बोवीचा 'हंकी डोरी'. हे सगळं एका वर्षात! 'पॅझ अँड जॉप'च्या त्या पहिल्या कौलात पहिला आला होता 'हूज नेक्स्ट'.

आम्ही सात जण बसलो. 'हूज नेक्स्ट' सगळ्यांच्याच यादीत होता. पण कसा? सातही जणांच्या यादीत सहावा. का होता, तेही सांगतो. अल्बम दणदणीत आहे हे खरं, पण आमचा त्याच्यावर थोडा घरचा लोभही आहे. त्यातलं पहिलं गाणं 'बाबा ओ'रायली'. त्यातले 'बाबा' म्हणजे पुण्यात जन्मलेले, नगरचे मेहेरबाबा. पीट टाउनशेंड त्यांचा अनुयायी. आणि 'रायली' म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार, जो पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. आता एवढं सगळं आपल्या अंगणातलं निघाल्यावर यादीतून कोण वगळणार? (हशा) 'ब्लू' मात्र दोघांनीच यादीत घेतला होता, ताईंनी आणि काकांनी. दोघांनीही पहिल्या क्रमांकावर. बाकी पाच जणांच्या दहात तो नव्हताच.

आता बेरीज बघा. सहाव्या क्रमांकाला पाच गुण, सात जणांचे मिळून पस्तीस. 'ब्लू'ला दोघांचे दहा-दहा, एकूण वीस. 'हूज नेक्स्ट' बराच पुढे, 'ब्लू' पार मागे.

ताई म्हणाल्या, "थांबा, 'पॅझ अँड जॉप'च्या पद्धतीने मोजा." त्या कौलात प्रत्येकाला शंभर गुण मिळत. ते दहा अल्बमांत वाटायचे. एका अल्बमला जास्तीत जास्त तीस, कमीत कमी पाच. म्हणजे एखाद्यावर जीव असेल तर तो दाखवायला जागा आहे. आम्ही पुन्हा कागद घेतले. ताई आणि काकांनी 'ब्लू'ला तीस-तीस दिले. साठ झाले. बाकीच्यांनी आणि या दोघांनीही 'हूज नेक्स्ट'ला आठ-आठ दिले. सात आठे छप्पन्न. निकाल उलटा!

माणसं तीच, अल्बम तेच, कान तेच. एका तासात कोणाचं मत बदललं नव्हतं. बदलली फक्त मोजायची रीत. पहिल्या रीतीत सगळ्यांना बरा वाटणारा अल्बम वर येतो, दुसऱ्या रीतीत थोड्यांना फार जवळचा असलेला अल्बम तग धरतो. यातली कुठलीच रीत लबाडीची नाही. पण कुठल्याही यादीवर 'वर्षातला सर्वोत्तम' असं छापलेलं वाचलं, की आधी विचारायला हवं: मोजलं कसं? आणि त्याच्यापाठोपाठ दुसरा प्रश्न: मोजायला बसलं कोण होतं?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर किती फरक पाडतं ते 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या यादीत दिसतं. सार्वकालिक पाचशे अल्बमांची त्यांची २००३ सालची यादी. पहिला होता बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स'. 'व्हॉट्स गोइंग ऑन' सहावा, 'ब्लू' तिसावा. २०२० साली त्यांनी नव्याने मतदार निवडून नव्याने कौल घेतला. 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला, 'ब्लू' तिसरा आणि 'सार्जंट पेपर्स' चोविसावा. सतरा वर्षांत त्या तबकड्यांवरचा एक सूरही हललेला नाही. ऐकणारे बदलले, कोणाला विचारायचं ते बदललं. काही जण याला 'फॅशन' म्हणून नाक मुरडतात. आम्हाला ते पटत नाही. आधीच्या यादीतही कोणाची तरी आवड होतीच की. ती इतकी सवयीची झाली होती की ती आवड आहे हेच कोणाच्या लक्षात येत नव्हतं.

आता राहिला तिसरा शब्द: वर्ष. हा शब्द साधा वाटतो, पण सगळ्यात फसवा तोच आहे.

'द क्लॅश'चा 'लंडन कॉलिंग' ब्रिटनमध्ये आला १९७९च्या डिसेंबरात आणि अमेरिकेत आला १९८०च्या जानेवारीत. तो 'पॅझ अँड जॉप'मध्ये १९८० सालचा पहिला ठरला. पुढे 'रोलिंग स्टोन'ने त्याला ऐंशीच्या दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. लंडनमधल्या पोराने जो सत्तरच्या दशकात विकत घेतला, तो अल्बम ऐंशीच्या दशकाचा मानकरी! आणि १९७९चा पहिला कोण होता? ग्रॅहम पार्करचा 'स्क्वीझिंग आउट स्पार्क्स'. सभागृहात किती जणांनी ऐकलाय? ... दोन हात. अल्बम वाईट नाही हो, चांगला कसलेला आहे. पण त्याच वर्षी मायकेल जॅक्सनचा 'ऑफ द वॉल' आणि जॉय डिव्हिजनचा 'अननोन प्लेझर्स' आले होते हे आठवलं, की वर्षाच्या आत बसून वर्ष बघणं किती अवघड असतं ते कळतं.

डिसेंबरात येणाऱ्यांचे तर हालच. बियॉन्सेने २०१३ साली १३ डिसेंबरला कसलीही पूर्वसूचना न देता आख्खा अल्बम आणला. तोवर कित्येक मासिकांच्या वार्षिक याद्या छापूनही झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी डिसेंबरच्या मध्यावर डी'अँजेलोचा 'ब्लॅक मेसाया' आला. 'पॅझ अँड जॉप'ची मतं उशिरा घेतली जात, म्हणून तो तिथे चक्क पहिला आला. इतरांच्या आधीच बंद झालेल्या यादीत त्याला जागाच नव्हती.

आपल्याकडे याचं सगळ्यात बोचरं उदाहरण म्हणजे 'पाकीझा'. चित्रपटाचं काम पन्नासच्या दशकात सुरू झालं, संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ साली गेले, आणि चित्रपट लागला १९७२ साली. मग हे संगीत कोणत्या वर्षाचं? कॅलेंडर म्हणतं १९७२चं. त्या वर्षीच्या चित्रपटांसाठी 'फिल्मफेअर'चं संगीताचं पारितोषिक मिळालं 'बेइमान'ला, शंकर-जयकिशन यांना. आणि त्याच 'बेइमान'मधल्या भूमिकेसाठी प्राण यांना सहायक अभिनेत्याचं पारितोषिक जाहीर झालं होतं. त्यांनी ते घेतलं नाही. संगीताचा मान 'पाकीझा'चा होता, असं त्यांचं म्हणणं. लक्षात घ्या, ज्या चित्रपटाला मान मिळाला होता तो त्यांचा स्वतःचा होता. पण दुसऱ्याच्या गाण्यांसाठी, तेही हयात नसलेल्या संगीतकारासाठी, त्यांनी घरात येणारी बाहुली परत पाठवली. वर्षातलं सर्वोत्तम कोणतं, या वादात कोणी स्वतःच्या खिशातलं काही टाकलं असेल तर ते प्राण यांनी.

हे ऐकून कोणी म्हणेल, एवढे घोळ आहेत तर हे बंदच करा ना. संगीत काय शर्यतीचे घोडे आहेत का? हा आक्षेप आमच्याच गटातल्या धाकट्या भावाने घेतला होता. त्याला आम्ही उत्तर दिलं ते आधी त्या १९७१च्या रविवारी पुढे काय झालं ते सांगून देतो.

निकाल उलटला, तेव्हा थोरला भाऊ चिडला. म्हणाला, "तीस-तीस गुण ओतून जिंकलात, ऐकून नाही." ताई शांतपणे म्हणाल्या, "मग गुण राहू देत. तुमची छत्तीस मिनिटं द्या." 'ब्लू' साधारण तेवढाच आहे. दहा गाणी. गप्पा बंद, फोन दुसऱ्या खोलीत. लावला.

खरं सांगायचं तर आमच्यातल्या तिघांनी तो अल्बम त्याआधी सलग ऐकलेलाच नव्हता. एखाद-दुसरं गाणं ऐकून 'उंच आवाजातली डायरी' असा शिक्का मारून ठेवला होता. सलग ऐकताना पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे त्यात वाद्यं किती कमी आहेत. गिटार आहे, पण तिच्या तारा नेहमीच्या सुरांत लावलेल्या नाहीत, त्यामुळे साध्या साथीलाही एक अनोळखी रंग येतो. काही गाण्यांत डल्सिमर आहे, मांडीवर ठेवून वाजवायचं वाद्य. काही ठिकाणी नुसता पियानो. 'रिव्हर' हे गाणं नाताळातलं. त्याच्या सुरुवातीला पियानोवर 'जिंगल बेल्स'ची चाल येते, पण अशी वाकवलेली की सण बाहेर रस्त्यावर चाललाय आणि गाणारी बाई खिडकीच्या आत एकटी आहे, हे शब्द सुरू व्हायच्या आधीच कळतं. ही गोष्ट काकांनी सांगितली, आणि मग आम्ही ते गाणं पुन्हा लावलं.

मग ताईंनी एक तुलना केली. 'टॅपेस्ट्री' आणि 'ब्लू' हे दोन्ही अल्बम लॉस एंजेलिसमधल्या ए अँड एम स्टुडिओत, साधारण एकाच सुमाराला ध्वनिमुद्रित झाले. जेम्स टेलर दोन्हींवर वाजवतो. जोनी मिचेल 'टॅपेस्ट्री'वर मागे गायलीही आहे. म्हणजे एकाच इमारतीतली ही दोन भावंडं. 'टॅपेस्ट्री' पंधरा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिला, वर्षाचा अल्बम म्हणून त्याला ग्रॅमी मिळालं. आणि ते योग्यच होतं. कॅरोल किंग दार उघडून 'या, बसा' म्हणते. चाल पहिल्याच ऐकण्यात तोंडात बसते, पण म्हणून ती उथळ ठरत नाही. तशी चाल बांधायला फार मोठी कारागिरी लागते. जोनी मिचेल तसं करत नाही. तिची चाल बोलण्याच्या वळणाने जाते, मध्येच उडी मारते, आणि आपल्याला चार-पाच वेळा तिच्याकडे परत जावं लागतं. आता जिथे पंधरा दिवसांत दहा नावं लिहून द्यायची आहेत, तिथे चार-पाच वेळा परत जायला लावणारा अल्बम मागे पडणारच. यात कोणाचं वैर नसतं. वेळापत्रकच तसं असतं.

छत्तीस मिनिटांनंतर काय झालं? दोघांचं मत बदललं. थोरल्या भावाचं नाही बदललं. पण या वेळी त्याने नुसता शिक्का मारला नाही. तो म्हणाला, "गाणी चांगली आहेत, पण सगळी एकाच खोलीत घडतात. 'व्हॉट्स गोइंग ऑन' घ्या. पहिल्या बाजूची सहाही गाणी एकात एक मिसळत जातात, मध्ये थांबणं नाही. व्हिएतनामहून परत आलेला माणूस घरी येतो, भावाची चौकशी करतो, रस्त्यावर येतो, लेकरांची, हवेची, पाण्याची काळजी करतो. एकाच आवाजातून आख्खं शहर दिसतं. मला अल्बमकडून ते हवं." आता हे उत्तर आम्हाला पटो न पटो, त्याला समीक्षा म्हणतात! त्याने स्वतःची कसोटी टेबलावर ठेवली. तिच्याशी वाद घालता येतो. 'सहावा क्रमांक, पाच गुण' याच्याशी काय वाद घालणार?

तर धाकट्या भावाला आमचं उत्तर हे. क्रमवारी लावल्याशिवाय आम्ही त्या खोलीत तसे बसलोच नसतो. 'मला हाही आवडतो, तोही आवडतो' असं म्हणत राहिलं की कोणालाच कारण द्यावं लागत नाही. पहिला आणि दुसरा यांत निवड करायची वेळ आली की जीभ सैल होते. यादीचा उपयोग आहे तो एवढाच, आणि तो काही थोडा नाही. पण त्यात एक धोका आहे आणि त्यात आम्ही कैक वर्षं अडकलो होतो. बेरीज झाली की वाद संपला असं वाटतं. आकडा हातात आला की कारण गळून पडतं. पुढच्या वर्षी आठवतो तो फक्त निकाल, आणि लोक निकालावरून ऐकायला लागतात: पहिला ऐकतात, तिसरा ऐकतात, अकराव्याकडे कोणी फिरकत नाही.

'पॅझ अँड जॉप'वाल्यांना हे कळत असावं. ते नुसता तक्ता छापत नसत. त्याच्यासोबत ख्रिस्टगाऊंचा लांबलचक लेख असे, आणि मत देणाऱ्यांनी लिहून पाठवलेले शेरेही असत. कोणी निकालावर खूश, कोणी संतापलेला. तक्ता आज कुठेही सापडतो. पण एखादा अल्बम त्या वर्षी कानांना कसा लागला होता, हे कळतं ते त्या शेऱ्यांतून.

अलीकडे तर आकडा द्यायला माणूसही लागत नाही. डिसेंबर आला की फोन सांगतो, तुम्ही वर्षभरात काय किती वेळा ऐकलंत. आमच्या काकांना त्याने सांगितलं की तुमचं वर्षातलं सर्वांत लाडकं गाणं म्हणजे एक बडबडगीत. नातीला भरवताना लावायचे ते. (हशा) काकांनी ते वर्ष खरं तर एका अल्बममध्ये काढलं होतं. आजारपणात रात्री एकच तबकडी, तीही आठवड्यातून एकदा, कारण रोज सोसायची नाही. फोनच्या हिशेबात ती कुठेच नव्हती. किती वेळा ऐकलं आणि किती खोल गेलं, याचा मेळ बसेलच असं नाही.

त्या रविवारनंतर आम्ही नियम बदलले. तीनच आहेत. एक, जो अल्बम सलग दोनदा ऐकलेला नाही त्याला गुण द्यायचे नाहीत, आणि दुसऱ्याच्या अल्बमला नावंही ठेवायची नाहीत. दोन, प्रत्येक अल्बमबद्दल तीन वाक्यं लिहून आणायची, त्यात 'अप्रतिम', 'भन्नाट' आणि 'काळजाला भिडणारं' हे शब्द चालणार नाहीत. तीन, दरवर्षी चालू वर्षाबरोबर पाच वर्षांपूर्वीची आमचीच यादी काढून वाचायची आणि चुकलो असू तिथे लिहून ठेवायचं की चुकलो.

तिसरा नियम सगळ्यात जड जातो. स्वतःच्या हस्ताक्षरात 'हा वर्षाचा अल्बम' असं लिहिलेलं असतं आणि त्यातलं एक गाणंही आठवत नाही. पण अशाच वेळी दहाव्या क्रमांकावर, कोणीतरी हट्टाने घुसवलेलं एखादं नाव दिसतं, आणि कळतं की तो आपण मधल्या पाच वर्षांत कितीदा लावला.

थोरला भाऊ अजूनही 'ब्लू'ला दहात घेत नाही. ताई अजूनही त्याला दरवर्षी विचारतात. वही आता पाचवी चालू आहे, आणि जेवण अजूनही गारच होतं.

तुम्हीही चार जण जमवा, यंदाच्या डिसेंबरात करून बघा. आता प्रश्न असतील तर घेऊ. आणि 'स्क्वीझिंग आउट स्पार्क्स' ऐकलेल्या त्या दोघांनी कृपया आधी बोलावं.